लूककृत शुभवर्तमान : कर्ता, हेतू आणि दारिद्र्याचा प्रश्न

मराठी बायबलच्या नव्या करारातील तिसऱ्या ग्रंथाचे शीर्षक 'लूककृत शुभवर्तमान' असे छापलेले असते. 'कृत' हा शब्द वाचताच ग्रंथकर्त्याचे नाव निश्चितपणे ठाऊक आहे, अशी वाचकाची समजूत होते. मूळ ग्रीक शीर्षकात मात्र 'काता लूकान' एवढेच शब्द आहेत. 'काता' याचा अर्थ 'अनुसार'. लूकला अनुसरून सांगितलेली शुभवार्ता, एवढेच ते शीर्षक म्हणते. आणि तेही ग्रंथाच्या संहितेचा भाग नाही, प्रती करणाऱ्या परंपरेने वर लिहिलेले आहे. ग्रंथाच्या २४ अध्यायांत कर्ता आपले नाव एकदाही सांगत नाही.

बौद्ध अभ्यासकाने या ग्रंथाकडे का वळावे, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. पहिले कारण असे की, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि येशू यांची तुलना एकाहून अधिक वेळा केली आहे. महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात १९५० साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' या विषयावरील लेखात, ईश्वरपुत्र म्हणून मान्यता मागणारा येशू आणि केवळ मार्गदाता म्हणवून घेणारा बुद्ध, हा भेद त्यांनी स्पष्ट केला आहे. दुसरे कारण असे की, ख्रिस्ती शुभवर्तमाने बौद्ध ग्रंथांवरून उचलली आहेत, हा दावा आपल्या सभांतून आणि पुस्तिकांतून वारंवार केला जातो व तो क्वचितच तपासला जातो. तिसरे कारण अधिक जवळचे आहे. मराठवाड्यात आणि अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात बौद्ध आणि ख्रिस्ती ही पूर्वास्पृश्य कुटुंबे एकाच गावात, कित्येकदा एकाच भावकीत नांदतात. शेजाऱ्याचा ग्रंथ न वाचता त्यावर मत देणे हे धम्मविचारात बसत नाही.

परीक्षणाची कसोटी आपल्याच परंपरेतून घेता येते. महापरिनिब्बानसुत्तात भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेश सांगितले आहेत. एखादी गोष्ट आपण प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून, संघाकडून, अनेक बहुश्रुत स्थविरांकडून किंवा एका स्थविराकडून ऐकली, असे कोणी म्हणाला तर तिचे स्वागतही करू नये आणि तिचा धिक्कारही करू नये. ती सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावी. सांगणारा कोण, यापेक्षा सांगितलेले काय आणि ते कशाशी जुळते, याला येथे महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात हीच वृत्ती ठेवून लूकच्या ग्रंथाचा विचार केला आहे.

कर्तृत्व

परंपरा असे सांगते की, हा लूक पौलाचा सहप्रवासी वैद्य होता. या समजुतीला आधार तीन आहेत. पौलाच्या नावावरील पत्रांत लूकचा उल्लेख तीनदा येतो. त्यांपैकी कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात त्याला प्रिय वैद्य म्हटले आहे. दुसरा आधार 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाचा. तो ग्रंथ आणि हे शुभवर्तमान एकाच लेखकाचे, हे शैलीवरून आणि दोन्हींच्या समान अर्पणावरून जवळजवळ सर्वमान्य आहे. त्याच्या सोळाव्या अध्यायापासून काही प्रवासवर्णनांत निवेदक 'ते' सोडून अचानक 'आम्ही' म्हणू लागतो. यावरून लेखक पौलाबरोबर होता, असे अनुमान काढले गेले. तिसरा आधार म्हणजे इ. स. १८०च्या सुमारास लिहिणाऱ्या आयरेनियस या धर्माचार्याची साक्ष. म्हणजे ग्रंथ आणि त्याच्या कर्त्याचे नाव सांगणारी ही साक्ष यांच्यात जवळपास शंभर वर्षांचे अंतर आहे.

१८८२ साली विल्यम होबार्ट यांनी या ग्रंथातील ग्रीक वैद्यकीय शब्दांची मोठी यादी देऊन लेखक वैद्यच होता, असे प्रतिपादन केले. पुढे हेन्री कॅडबरी यांनी १९१९-२०मध्ये दाखवून दिले की, तेच शब्द जोसेफस, लूशियन यांसारख्या वैद्य नसलेल्या ग्रीक लेखकांतही आढळतात. सुशिक्षित माणसाची ती सर्वसाधारण भाषा होती. तेव्हापासून शब्दसंग्रहाचा पुरावा कोणी निर्णायक मानत नाही. शिवाय 'कृत्यां'तील पौल आणि स्वतःच्या पत्रांतून दिसणारा पौल यांच्यात अनेक बाबतींत मेळ बसत नाही. त्यामुळे लेखक पौलाचा निकटवर्ती होता काय, याविषयी विद्वानांत दुमत आहे.

काळाविषयीही असेच. बहुसंख्य अभ्यासक हा ग्रंथ इ. स. ८० ते ९०च्या दरम्यानचा मानतात. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. मार्कच्या ग्रंथात या संकटाचे भाकीत गूढ शब्दांत येते. लूक त्याच जागी नगराला सैन्यांचा वेढा पडल्याचे सरळ सांगतो. झालेली घटना डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा पाठबदल आहे, असे त्यामुळे म्हटले जाते. काहीजण ग्रंथाला इ. स. ६२च्या आधी, तर काहीजण दुसऱ्या शतकाच्या आरंभी नेतात. कर्त्याचे नाव परंपरेने दिलेले आहे. ग्रंथ मात्र स्वतःविषयी निराळेच सांगतो.

प्रस्तावना आणि हेतू

चारही शुभवर्तमानांत आपली लेखनपद्धती सांगणारी प्रस्तावना फक्त याच ग्रंथाला आहे. तिचा आशय असा : अनेकांनी या घटनांची हकिकत लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, आरंभापासूनच्या प्रत्यक्षदर्शींनी ती आमच्यापर्यंत पोहोचविली, आपणही सर्व बारकाईने तपासून ती अनुक्रमे लिहीत आहोत, म्हणजे थियफिलाला मिळालेल्या शिक्षणाची खात्री पटेल. लेखक स्वतः प्रत्यक्षदर्शी नसल्याची ही प्रांजळ कबुली आहे. आपल्या आधी अनेक ग्रंथ झाल्याचेही तो लपवीत नाही. बौद्ध सुत्ताचा आरंभ ऐकल्याच्या निवेदनाने होतो, लूकचा आरंभ तपासल्याच्या निवेदनाने. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे आणि तो लूकच्या बाजूने जमेस धरला पाहिजे.

हा थियफिल कोण? नावाचा अर्थ 'देवाचा प्रिय' असा होतो, म्हणून काहींनी ते कोणत्याही श्रद्धावानाचे प्रतीकनाम मानले. परंतु त्याला लावलेले आदरार्थी विशेषण 'कृत्यां'मध्ये फेलिक्स आणि फेस्त या रोमन सुभेदारांना लावलेले आहे. तेव्हा तो एखादा प्रतिष्ठित, बहुधा सधन, मनुष्य असावा. या लेखाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ज्या ग्रंथात दरिद्री माणसाला सर्वांत अधिक जागा मिळाली, तो ग्रंथ एका प्रतिष्ठिताला उद्देशून लिहिला आहे. विषय दरिद्र्याचा, श्रोता वरच्या थरातला. लूकचा हेतू येथूनच समजून घ्यावा लागतो.

दुसरा हेतूही दिसतो. येशू रोमन सत्तेचा गुन्हेगार नव्हता, हे लूकला ठसवायचे आहे. पिलात तीन वेळा त्याला निर्दोष ठरवितो. हेरोद अंतिपासपुढे झालेली चौकशी याच ग्रंथात आहे. मार्कमध्ये क्रूसाजवळचा शताधिपती येशूला देवपुत्र म्हणतो. लूकमध्ये तोच शताधिपती त्याला निरपराध म्हणतो. साम्राज्याच्या नजरेत या नव्या पंथाचा बचाव करणे आणि गरिबांच्या बाजूने बोलणे, ही दोन कामे लूक एकाच वेळी करू पाहतो. त्यांतील ताण ग्रंथभर जाणवतो.

आधार आणि फेरफार

ग्रंथाची मांडणी सुबोध आहे. पहिले दोन अध्याय योहान व येशू यांच्या जन्माचे. नंतर गालीलातील कार्य. नवव्या अध्यायाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्यापर्यंत यरुशलेमकडील दीर्घ प्रवास. मग नगरातील शेवटचे दिवस, मृत्यू आणि पुनरुत्थान. या मांडणीत लूकने मार्कचा सुमारे निम्मा मजकूर घेतला, तर मार्कचा सहाव्या ते आठव्या अध्यायातील एक मोठा सलग भाग पूर्णपणे गाळला. मत्तय आणि लूक यांना समान, पण मार्कमध्ये नसलेली दोनशेहून अधिक वचने आहेत. त्यांच्यासाठी 'क्यू' नावाचा एक लुप्त वचनसंग्रह कल्पिला जातो. त्याचे एकही हस्तलिखित मिळालेले नाही, आणि लूकने मत्तयच वाचला होता असे मानून 'क्यू'ची गरजच नाकारणारे अभ्यासकही आहेत. चांगला शोमरोनी, उधळ्या मुलगा, श्रीमंत मनुष्य व लाजर, जक्कय जकातदार या प्रसिद्ध कथा केवळ लूकमध्येच आढळतात.

'सर्व तपासून' लिहिल्याचा दावा सर्वत्र टिकत नाही. येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात झाला आणि क्विरिनियच्या जनगणनेच्या वेळीही झाला, असे लूक सुचवितो. हेरोद इ. स. पू. ४ मध्ये वारला. क्विरिनियची यहूदीयातील जनगणना इ. स. ६ मधील आहे. मधले सुमारे नऊ वर्षांचे अंतर बुजविण्याचे प्रयत्न समाधानकारक झालेले नाहीत.

पाठभेदांचा प्रश्न याहून नाजूक आहे. क्रूसावरून येशूने आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, हे वचन जगभर उद्धृत होते. आपल्याकडेही बुद्धाच्या करुणेशी त्याची तुलना केली जाते. ते फक्त लूकमध्ये आहे. परंतु पंचाहत्तराव्या क्रमांकाचे पपायरस आणि व्हॅटिकन संहिता या दोन महत्त्वाच्या प्राचीन साक्षींत ते आढळत नाही. येशूला रक्ताच्या थेंबांसारखा घाम आल्याचा मजकूरही या दोन्हींत नाही. क्षमेचे वचन मूळचे असून यहूदीविरोधी भावनेमुळे पुढे गाळले गेले, असे काही विद्वान म्हणतात. ते नंतर घातले गेले, असे इतर म्हणतात. ज्याला त्या वचनावर प्रेम आहे, त्यानेही हे जाणून घेतले पाहिजे. तथागतांनी सांगितलेले 'स्वागतही नको, धिक्कारही नको' हे धोरण अशाच ठिकाणी उपयोगी पडते.

साम्याचे दावे

आता बौद्ध साम्यांकडे वळू. मंदिरात बालक येशूला हातांत घेणारा वृद्ध शिमोन आणि सुत्तनिपाताच्या नालकसुत्तातील असित ऋषी यांचे साम्य एकोणिसाव्या शतकापासून दाखविले जाते. रुडॉल्फ झायडेल यांनी १८८२ मध्ये आणि अल्बर्ट एडमंड्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशी साम्ये संग्रहित केली. साम्य खरेच आहे. परंतु बालकाला पाहिल्यावर शिमोन आता सुखाने मरायला तयार होतो. असित मात्र रडतो, कारण या बालकाचा धम्म ऐकायला आपण जिवंत नसणार, हे त्याला कळते. एकाला पाहणे पुरेसे आहे, दुसऱ्याला ऐकल्यावाचून पुरेसे नाही. दोन्ही धर्मांचा गाभा या एका फरकात आला आहे. साम्याच्या भरात तोच नेमका निसटतो.

उधळ्या मुलाची कथा सद्धर्मपुंडरीकाच्या चौथ्या परिवर्तातील हरवलेल्या पुत्राच्या कथेशी जोडली जाते. लूकमधील पिता मुलाला दूरवरून पाहताच धावत जाऊन कवटाळतो. सद्धर्मपुंडरीकातील पिता ओळख लपवितो, मुलाला घाण उपसण्याच्या कामावर ठेवतो, हळूहळू त्याचा न्यूनगंड घालवितो आणि अखेरीस वारसा सोपवितो. पहिल्या कथेचा विषय क्षमा आहे, दुसरीचा उपायकौशल्य. कोणी कोणाकडून घेतले, हे सांगणारा पुरावा उपलब्ध नाही. सद्धर्मपुंडरीकाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना चिनी अनुवाद इ. स. २८६ मधील आहे. लूक त्याआधीचा आहे.

येशूने हिंदुस्थानात येऊन बौद्ध भिक्खूंकडे शिक्षण घेतले, या कथेचे मूळ निकोलाय नोतोविच याच्या १८९४ मधील फ्रेंच पुस्तकात आहे. लडाखमधील हेमिस विहारात आपल्याला तसे हस्तलिखित वाचून दाखविले गेले, असे त्याने लिहिले. मॅक्समुल्लरने त्याच वर्षी या कथेतील विसंगती उघड केल्या आणि पुढच्या वर्षी हेमिसला गेलेल्या डग्लस नावाच्या प्राध्यापकाला तेथील प्रमुख लामांनी असे हस्तलिखित नसल्याचे सांगितले. तरीही ही कथा आपल्या व्यासपीठांवरून सांगितली जाते. भगवान बुद्धांच्या थोरवीला येशूच्या शिष्यत्वाचा टेकू लागत नाही. जी गोष्ट पुराव्याने उभी राहत नाही, ती आपल्याला सोयीची असली तरी सांगणे म्हणजे चौथ्या शीलाचा भंग होय.

दारिद्र्याचा प्रश्न

साम्ये बाजूला ठेवली की, ग्रंथाचा खरा विषय समोर येतो. मत्तयच्या ग्रंथात येशू आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हणतो. लूकमध्ये तो नुसत्या दरिद्र्यांना धन्य म्हणतो आणि लगेच धनवानांचा धिक्कार करतो. मरीयेच्या स्तोत्रात सत्ताधीश आसनांवरून खाली येतात आणि भुकेलेले तृप्त होतात. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाच्या ग्रंथातून दीनांना शुभवार्ता आणि बंदिवानांना सुटका सांगणारा भाग वाचतो. सूडाच्या दिवसाचा उल्लेख येण्याआधीच वाचन थांबते. नंतर तो सारफथची विधवा आणि सूरियाचा नामान या परक्यांची उदाहरणे देतो, तेव्हा गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघतात. हा भाग दलित ख्रिस्ती चिंतनात फार मोलाचा ठरला. १९८०च्या दशकात त्या चिंतनाचा पाया घालणाऱ्या अरविंद निर्मळ यांनी नासरेथच्या या प्रसंगाचा आधार घेतला आहे.

मात्र दारिद्र्य का निर्माण होते, या प्रश्नाला लूक हात घालत नाही. श्रीमंत मनुष्य व लाजर यांच्या कथेत दारात पडलेला, कुत्र्यांनी जखमा चाटलेला लाजर मेल्यावर अब्राहामाच्या उराशी जातो आणि श्रीमंत यातनेत पडतो. उलथापालथ होते, पण ती मृत्यूनंतर आणि देवाच्या हातून. दारातल्या लाजरला जिवंतपणी भाकरी कशी मिळावी, याची व्यवस्था कथेत नाही. याउलट दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्त कारणपरंपरा सांगते. राजाने निर्धनांना धन दिले नाही, त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीला देहदंड, देहदंडातून शस्त्रे आणि हत्या वाढल्या. दोष राज्यव्यवस्थेकडे येतो आणि उपायही तेथेच शोधावा लागतो. प्रतीत्यसमुत्पादाची दृष्टी समाजाला लावल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

येथे थांबलो तर परीक्षण एकांगी होईल. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंगसुत्त आजच्या दारिद्र्याचे मूळ मागील जन्मीच्या अदानशीलतेत दाखविते. लाजरला परलोकात न्याय देणे आणि दरिद्र्याला पूर्वजन्माचे कारण देणे, या दोन्हींत वर्तमान अन्याय तसाच राहतो. बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या सिद्धांताला विरोध केला, तो याच कारणाने. दुसऱ्या बाजूने लूकमध्ये जक्कयही आहे. तो श्रीमंत जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल करतो. ते या जन्मी आणि स्वतःच्या हाताने. थियफिलासारख्या श्रोत्याने काय करावे, याचे लूकजवळचे सर्वांत ठोस उत्तर बहुधा जक्कय हेच असावे. शिष्याने सर्वस्व सोडावे असे सांगणारा ग्रंथ गृहस्थाला अर्ध्यावर मान्यता देतो. भिक्खू आणि उपासक या आपल्याकडील भेदाची येथे आठवण होते. येशू व त्याच्या शिष्यांचा खर्च मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना आदी स्त्रिया आपल्या मालमत्तेतून करीत, हेही लूक नोंदवितो. अनाथपिंडिक आणि विशाखा यांच्या दानावर वाढलेल्या संघाच्या उपासकांना यात अपरिचित असे काही नाही.

उरतो तो परिणामाचा प्रश्न. इतका स्पष्ट ग्रंथ हाती असूनही धर्मांतरित अस्पृश्यांची जात चर्चमध्ये का टिकली, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या अप्रकाशित राहिलेल्या आणि पुढे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखनात विचारला होता. ग्रंथ श्रीमंताच्या हृदयाला आवाहन करतो. जात हृदयाबरोबरच सामाजिक रचनेतही असते, हे त्या प्रश्नाच्या उत्तराचे एक अंग आहे.

समारोप

लूकने आपला हेतू सांगून ग्रंथ रचला. हेतुपूर्वक रचना हा काही दोष नव्हे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी चार दृश्यांची पारंपरिक कथा बाजूला ठेवून शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आणि असे का केले, हे प्रस्तावनेत उघड सांगितले. निदानकथेच्या आणि ललितविस्तराच्या कर्त्यांनीही हेतू ठेवूनच चरित्र रचले होते. हेतू उघड सांगणारा लेखक वाचकाच्या हाती तपासणीचे साधन देतो. ते साधन आपण लूकवर वापरले, तर आपल्या ग्रंथांवरही वापरले पाहिजे. जनगणनेतील चूक दाखविणाऱ्याने जन्मकथांतील चमत्कारांना पाठीशी घालू नये.

शेजारच्या ख्रिस्ती घरात हा ग्रंथ वाचला जातो. तो आपलाच असल्याचा दावा करण्याचे किंवा तो खोटा असल्याचे सिद्ध करण्याचे बौद्ध वाचकाला कारण नाही. दारातल्या लाजरला आज भाकरी कोण देणार, हा प्रश्न मात्र दोन्ही घरांत एकत्र बसून विचारता येईल. कूटदंतसुत्ताने यज्ञाऐवजी शेतकऱ्याला बी, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे, असे सुचविले. जक्कयाने लुबाडलेले परत केले. त्या चर्चेचा आरंभ या दोन प्रसंगांपासून करता येईल.